गॅपचं कारण खरं आहे, मग तारखा खोट्या कशाला?

नमस्कार ताई,

मी डोंबिवलीत राहतो. वय ३३, शिक्षण बी.कॉम. २०१८ पासून मार्च २०२३ पर्यंत ऐरोलीला एका बँकेच्या बॅक ऑफिसात एमआयएसचं, म्हणजे आकडेवारीचे रिपोर्ट बनवण्याचं काम केलं, पण बँकेचा माणूस म्हणून कधीच नाही. खुर्ची तीच, साहेब तेच, पगार देणाऱ्या कंपन्या मात्र तीन झाल्या. ३१ मार्च २०२३ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं. जूनमध्ये आईला कॅन्सर निघाला. परळला टाटामध्ये उपचार चालले. वडील नाहीत, मी एकुलता एक, बायकोची नोकरी चालू होती, म्हणून आईचं सगळं मीच केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती गेली. त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. काही महिने गोळ्या चालू होत्या. हे बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मालाडला एका छोट्या कंपनीत कंत्राटावर आहे.

आता बीकेसीतल्या एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी माझी निवड झाली आहे, तीही व्हेंडरमार्फत, म्हणजे बँकेला माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. बीजीव्हीच्या (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकऱ्यांची तपासणी) फॉर्ममध्ये नोकरीतल्या ३० दिवसांपेक्षा मोठ्या प्रत्येक गॅपचं कारण आणि पुरावा मागितलाय. माझे दोन गॅप दिसतात. एक १८ महिन्यांचा. दुसरा मे-जून २०२१ चा, ५० दिवसांचा, पण त्या दिवसांत तर मी रोज काम करत होतो! व्हेंडरकडचा मुलगा म्हणतो, ऐरोलीची तारीख डिसेंबर २०२३ पर्यंत ओढा, एवढं कोण बघतं. मित्राने ठाण्यातल्या एकाचा नंबर दिलाय. तो १५ हजारांत अनुभवाचं पत्र आणि सॅलरी स्लिपा देतो, व्हेरिफिकेशनचा फोनही तोच उचलतो म्हणे. फॉर्म भरायला आठवडाच आहे. झोप उडाली आहे. काय करू?

— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार,

ठाण्याच्या माणसाला फोन करू नका आणि ऐरोलीची तारीख एका दिवसानेही ओढू नका. तुमच्याकडे आठवडा आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

भरतीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्या टेबलावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते, जी फॉर्म भरणाऱ्याला दिसत नाही. तुमचा फॉर्म तपासणारा, व्हेरिफिकेशन एजन्सीतला मुलगा किंवा मुलगी तुमच्या आयुष्याचा निवाडा करायला बसलेली नसते. तिच्यासमोर एका बाजूला तुम्ही लिहिलेल्या तारखा असतात आणि दुसऱ्या बाजूला कागद सांगतात त्या तारखा. जुळल्या की ग्रीन. जुळल्या नाहीत तर अंबर किंवा रेड. खरं कारण लिहिलेला गॅप तिच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होऊन बसतो. ओढलेली तारीख मात्र ‘डिस्क्रेपन्सी’ म्हणजे तफावत म्हणून वर जाते, आणि बँकेच्या कामात तिथेच माणूस अडकतो.

‘कोण बघतं’ याचं उत्तर तुमच्या पीएफमध्ये आहे. तुमच्या यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायम नंबरखाली, प्रत्येक कंपनीने तुम्हाला कधी घेतलं आणि कधी सोडलं याच्या तारखा असतात, आणि पासबुकात महिन्यागणिक भरलेली रक्कम. पाच वर्षं पैसे येत होते, मार्च २०२३ नंतर थांबले. डिसेंबरपर्यंत नोकरी होती असं लिहिलं तर या नऊ महिन्यांचा पीएफ कुठे गेला, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न इन्कम टॅक्सचा. फॉर्म २६एएस आणि एआयएस या इन्कम टॅक्सकडच्या तुमच्या वार्षिक नोंदींमध्ये कुणी, कधी, कुठल्या कलमाखाली कर कापला ते दिसतं. तिसरं बँक स्टेटमेंट. या तीन जागी एकाच वेळी खोटं उभं करणं ठाण्याच्या माणसालाही जमत नाही. तो देतो ती फक्त छापील पानं. शिवाय अशी पत्रं विकणाऱ्या कंपन्यांची नावं एजन्सींच्या नोंदीत असतात. आज नसलं तर पुढच्या वर्षी येतं, आणि तोवर तुमचं पॅन, आधार, सही त्या माणसाकडे पडलेली असते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, आणि त्यात नाव तुमचं असतं, त्याचं नसतं.

आता मला यापेक्षा जास्त काळजी वाटते ती व्हेंडरकडच्या त्या मुलाची. तुम्ही नाही म्हणालात तरी त्याने तारीख आधीच ओढून तुमचा सीव्ही बँकेला पाठवलेला असू शकतो. हे सर्रास चालतं. उमेदवाराने दिलेला सीव्ही एक, क्लायंटकडे, म्हणजे बँकेकडे पोचलेला दुसरा. फॉर्म खरा भरला तरी तो त्या दुसऱ्या सीव्हीशी जुळत नाही आणि दोष उमेदवारावर येतो. म्हणून फॉर्म उघडण्याआधी त्याला एक मेल करा. फोन नको, व्हॉट्सअॅपही नको, मेलच. त्यात लिहा: ‘क्लायंटला पाठवलेल्या माझ्या सीव्हीची प्रत कृपया पाठवा. ऐरोलीचा माझा शेवटचा दिवस ३१ मार्च २०२३ आहे आणि फॉर्ममध्ये मी तोच लिहिणार आहे. सीव्हीत वेगळी तारीख असल्यास सोबतचा सीव्ही ग्राह्य धरावा.’ तुमचा खरा सीव्ही जोडा. मेलमध्ये त्याच्यावर आरोप नको, चिडचिड नको. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, तुम्हाला पुढची वीस वर्षं याच क्षेत्रात काढायची आहेत. हा मेल उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या बाजूने उभा राहील. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल आणि लिंक्डइनही त्याच दिवशी तपासा. तिथे ‘मार्च २०२३’च्या जागी नुसतं ‘२०२३’ असेल तर महिना घाला.

फॉर्ममध्ये कंपनीचं नाव कोणाचं लिहायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कंत्राटी माणसं इथे हमखास अडकतात. पाच वर्षं बँकेत बसलात म्हणून बँकेचं नाव लिहिलंत तर बँकेचं एचआर सांगेल, ‘हा आमचा कर्मचारी कधीच नव्हता.’ ते खरंही आहे. नियुक्तीपत्र, स्लिप आणि पीएफ ज्या कंपनीचा, नाव तिचं. तीन कंपन्या होत्या तर तीन वेगळ्या नोंदी, प्रत्येकीसमोर ‘अमुक बँकेच्या ऐरोली कार्यालयात नियुक्त’. आणि त्यांपैकी एखादी कंपनी बंद पडली असेल तर एजन्सीला तिकडून उत्तरच येणार नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कुठल्याही कंपनीची स्थिती फुकट पाहता येते. तिथे ती ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदणीतून नाव काढलेली) दिसली तर त्या पानाची प्रत, नियुक्तीपत्र, स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट आधीच जोडून द्या. त्यांनी मागेपर्यंत थांबू नका.

आता तुमचा ५० दिवसांचा, न झालेला गॅप.

दुसऱ्या कंपनीचं कंत्राट मे २०२१ मध्ये संपलं, तिसरीने तुम्हाला कागदावर जुलैपासून घेतलं, आणि मधल्या दिवसांत काम चालूच होतं. कोविडची दुसरी लाट होती, सगळ्यांचेच कागद रखडले होते. त्या दिवसांचा पगार तिसऱ्या कंपनीने मागाहून दिला असेल तर जुलै-ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये नेहमीपेक्षा मोठी रक्कम दिसेल, स्लिपवर ‘एरियर्स’ (मागची थकबाकी) म्हणून ओळ असेल. तो तुमचा पुरावा. त्यांनी तेवढ्या दिवसांना तुम्हाला कर्मचारी न मानता फी म्हणून पैसे दिले असतील, तर पीएफ नसतो, पण २६एएसमध्ये १९४जे (व्यावसायिक फी) किंवा १९४सी (कंत्राटाचे पैसे) कलमाखाली कापलेला कर सापडू शकतो. पीएफ नाही म्हणजे काम नाही, असं समीकरण नसतं, हे एजन्सीलाही ठाऊक असतं. पैसे कधी मिळालेच नसतील तर मात्र त्या दिवसांना नोकरी म्हणू नका. सरळ लिहा: ‘पेरोल बदलताना कागदपत्रांना झालेला उशीर, या काळात त्याच ठिकाणी काम चालू होतं.’ तेव्हाच्या साहेबांशी संबंध चांगले असतील तर त्यांना विचारून त्यांचं नाव संदर्भासाठी द्या. पुरावा म्हणून बँकेच्या कामाचे जुने मेल किंवा शीट पाठवू नका, एकही नाही. स्वतःच्या पगाराचा पुरावा देताना क्लायंटची माहिती बाहेर गेली तर ते प्रकरण या गॅपपेक्षा फार मोठं होईल.

पीएफच्या साइटवर याच वेळी दोन गोष्टी बघून घ्या. ऐरोलीच्या शेवटच्या कंपनीने तुमची ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली आहे का? ती रिकामी असेल तर कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच आहात, आणि मालाडच्या नोकरीसोबत दोन नोकऱ्या एकदम केल्याचं दिसतं. २०२० पासून ही तारीख आपण स्वतः भरू शकतो. त्या कंपनीने शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने उलटलेले असावे लागतात आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. दुसरं, कंपनी बदलताना कुणी तुमच्या नावाने नवा यूएएन काढलाय का? कंत्राटी लोकांच्या बाबतीत हे फार होतं. मग निम्मी नोकरी एका नंबरखाली, निम्मी दुसऱ्याखाली, आणि एजन्सीला मध्ये भलंमोठं भगदाड दिसतं. तसं असेल तर जुनं खातं सध्याच्या यूएएनमध्ये वर्ग करायला लगेच अर्ज टाका. आठवड्यात ते पुरं होईलच असं नाही, पण अर्जाची पावती फॉर्मला जोडता येते.

आता १८ महिने. तुमच्या पत्रात या भागावर तुमचा हात थरथरलेला जाणवतो. ‘म्हणून आईचं सगळं मीच केलं’ हे वाक्य तुम्ही जणू खुलासा द्यावा तसं लिहिलं आहे. टाटाच्या बाहेर फुटपाथवर फायली मांडीवर घेऊन बसलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे काम काय असतं ते सांगावं लागत नाही. डोंबिवलीहून पहाटेची गाडी, केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, केमोनंतर तिला टॅक्सीत धरून बसणं, घरी आल्यावर पेज शिजवणं. घरातल्या मुलीने किंवा सुनेने हे केलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, आणि तिचा गॅप मात्र तिच्याच माथी मारला असता. तुम्ही मुलगा म्हणून केलंत. त्याबद्दल फॉर्ममध्ये माफीचा सूर नको, आणि कौतुकाची अपेक्षाही नको. चार ओळी पुरेत:

‘१ एप्रिल २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४: ३१ मार्च २०२३ रोजी कंत्राटाची मुदत संपली. त्यानंतर नव्या कामाच्या शोधात होतो. जून २०२३ पासून आईच्या गंभीर आजारपणात तिची पूर्णवेळ देखभाल करत होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं निधन झालं. त्यानंतर काही काळ कौटुंबिक व वैयक्तिक कारणांसाठी घरी होतो व पुन्हा काम शोधलं. या काळात कुठेही नोकरी केली नाही.’

हेच इंग्रजीत करून भरा. शेवटचं वाक्य गाळू नका, एजन्सीला नेमकं तेच हवं असतं. आणि हे वाक्य खरं असू द्या. त्या काळात कुणाच्या दुकानाची बिलं लिहून दिली असतील, क्लासेस घेतले असतील, पैसे खात्यात आले असतील, तर ‘अधूनमधून किरकोळ काम केलं’ असं लिहा. त्याला नोकरी म्हणून वेगळी नोंद देऊ नका, नाहीतर त्या दुकानदाराला व्हेरिफिकेशनचा फोन जाईल आणि तो बावचळेल.

गोळ्यांबद्दल. ती गोष्ट तुमची आहे आणि तुमचीच राहू दे. नोकरीच्या तारखांच्या तपासणीत तुमचं निदान, औषधांची नावं, डॉक्टरांची चिठ्ठी यांचं काही काम नाही. ‘वैयक्तिक कारणांसाठी’ हे खोटं नाही, पूर्ण खरं आहे, फक्त तपशील आपल्यापाशी ठेवलेला आहे. तारीख बदलणं आणि तपशील न देणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तुमच्यासारखी सरळ माणसं नेमकी इथे गोंधळतात: सगळं सांगितलं नाही तर आपण लपवतोय असं त्यांना वाटत राहतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार करणाऱ्यांनी ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. मग तुम्ही स्वतःहून ती एका अनोळखी पोर्टलवर का चढवायची? एजन्सीने फोन करून ‘वैयक्तिक म्हणजे काय’ विचारलं तर शांतपणे म्हणा, ‘आई गेल्यानंतर सावरायला वेळ लागला. आता पूर्ण बरा आहे, ऑक्टोबर २०२४ पासून नियमित काम करतोय.’ आणि तिथेच थांबा. समोरचा गप्प बसला की आपण ती शांतता भरायला जातो आणि नको ते बोलून बसतो. गप्प बसणं जमवा.

आईच्या आजाराचा पुरावा मागितला तर अख्खी फाइल देऊ नका. तिचं नाव आणि तारीख असलेलं एक पान, नोंदणीचं किंवा डिस्चार्जचं, आणि मृत्यूचा दाखला. निदानाच्या ओळी झाकून प्रत काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ज्या तत्त्वावर उभा आहे ते हेच: ज्या कामासाठी माहिती हवी, त्या कामापुरतीच घ्यायची. ‘तारखांसाठी एवढं पुरेसं आहे, आणखी हवं असल्यास नेमकं कशासाठी ते कळवा’ असं विनयाने लिहिलं तर कुणी रागावत नाही. बहुतेक ठिकाणी साध्या कागदावर सही केलेलं स्वघोषणापत्र चालतं. काही क्लायंट नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात. ते मागितलंच तर करा, आपणहून खर्चात पडू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून त्याला १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टँप लागतो, वर नोटरीची फी. आणि नोटरीकडचा टाइपिस्ट ठरीव मजकूर पुढे करेल, तो जसाच्या तसा घेऊ नका. तुमच्या तारखा, तुमचं कारण, शब्द फॉर्ममधलेच.

एवढं करूनही बँक नाही म्हणू शकते. काही क्लायंट ठरावीक महिन्यांच्या वरचा गॅप घेतच नाहीत, आणि तो नियम उमेदवाराला आधी सांगतही नाहीत. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला आणि बाळंतपणानंतर कंत्राट न वाढवलेल्या बाईला ती सारख्याच निर्दयपणे बाहेर ठेवते. पण गॅपमुळे आलेला नकार त्या एका प्रोजेक्टपुरता असतो. खोट्या कागदाचा शिक्का व्हेंडरच्या यादीत राहतो, आणि मुंबईत बँकांना माणसं पुरवणाऱ्यांचं जग वाटतं तेवढं मोठं नाही.

झोप उडाली आहे असं लिहिलंत. आई जाऊन फार काळ लोटलेला नाही, आणि या फॉर्मने ते सगळं पुन्हा तारखावार लिहायला लावलं आहे, त्रास होणारच. फॉर्म एकट्याने रात्री भरू नका. रविवारी सकाळी बायकोला शेजारी बसवा, तिला सगळं माहीत आहे. आणि फॉर्म गेल्यावरही झोप परतली नाही तर आधीच्या डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

राहिली मालाडची नोकरी. फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी संपर्क साधायचा का, असा प्रश्न असतो. तिथे ‘आत्ता नको, राजीनामा मंजूर झाल्यावर’ असं निवडा, नाहीतर तुम्ही सांगण्याआधी तिथल्या एचआरला एजन्सीकडून कळेल. बीजीव्ही रुजू होण्याआधी पूर्ण होणार की नंतर चालू राहणार, हे व्हेंडरला लेखी विचारा. आधी होणार असेल तर रिपोर्ट क्लिअर झाल्याचा मेल आल्यावरच राजीनामा द्या, आणि नोटीसचे दिवस धरून रुजू होण्याची तारीख मागून घ्या. नंतर चालणार असेल तर निदान तुमच्या गॅपचं स्पष्टीकरण क्लायंटने मान्य केलंय, एवढं मेलवर आल्याशिवाय मालाड सोडू नका. निघताना रिलिव्हिंग लेटर आणि शेवटची स्लिप हातात घ्या, आणि दोन महिन्यांनी पीएफमध्ये एक्झिटची तारीख पडली का ते पाहा.

तुमची,
ताई